‘स्मृतिचित्रे’ आणि बिऱ्हाडाचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील विनोद, निर्मळ सरळपणा, रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या अवलियाबरोबर केलेला संसार आणि उभयतांचे धर्मांतर या अंगांनी टीकाकारांनी हे पुस्तक वारंवार न्याहाळले आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे मराठी गद्यातील स्थान वादातीत आहे, आणि ते नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. आम्हांस त्यातील एका वेगळ्या धाग्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. हे पुस्तक बिऱ्हाडांचे आहे. एका स्त्रीने किती गावी चूल मांडली, किती गावांहून ती उचलली, आणि कोणत्या गावास अखेर आपले म्हटले, याचा हा वृत्तान्त आहे.

या धाग्याची आठवण होण्यास निमित्त आहे. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. या धर्मप्रांतातील जुनी ख्रिस्ती वस्ती प्रामुख्याने राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या तालुक्यांच्या खेड्यापाड्यांत आहे. केंदळ, वळण यांसारख्या गावी जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाऊल टाकले, तेव्हापासून तेथे प्रार्थनेची घंटा वाजते आहे. आज त्याच घरांतील मुले नाशिकरोडला, सातपूरला, अंबडला येऊन राहतात. कोणी संगमनेर वा श्रीरामपूर पसंत करतात, कोणी मनमाडला रेल्वेच्या आश्रयाने राहतात. लग्न ठरले किंवा मूल शाळेत घालण्याजोगे झाले, की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. बिऱ्हाड कोठे करावे? जिल्ह्याच्या शहरात, तालुक्याच्या ठिकाणी, की गावातच राहून रोज जा-ये करावी? भाडे, शाळा, दवाखाना, एस.टी.ची सोय असा सारा हिशेब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. परंतु त्या हिशेबात काय राहून जाते, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ध्यानात येते.

प्रथम या पुस्तकातील गावांची नावेच पाहावीत. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले, आणि पुढे टिळकांच्या मागोमाग नागपूर, राजनांदगाव अशी भ्रमंती घडली. मधल्या काळात पंढरपुरास बहिणीचा आसरा होता. मग अहमदनगर, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. मग राहुरी, सातारा, मुंबई, पुढे थेट कराची, आणि सरतेशेवटी नाशिक. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते या संसारास अक्षरशः लागू पडते. आत्मचरित्रे बहुधा वर्षांच्या क्रमाने चालतात. लक्ष्मीबाईंना सन-तारखांची फारशी क्षिती नाही. त्यांची आठवण गावाला, घराला, शेजाराला धरून चालते, आणि वाचकालाही ‘त्या वर्षी’ यापेक्षा ‘त्या घरी’ असेच लक्षात राहते.

येथे मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका पूर्वसुरीची तुलना उद्बोधक ठरेल. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीची नायिकाही गावोगाव जाते. पण यमुना पाहण्यासाठी फिरते. प्रत्येक ठिकाणी तिला विधवांच्या दुःस्थितीचे एक उदाहरण भेटते, आणि लेखकाचे प्रतिपादन एक पाऊल पुढे सरकते. लक्ष्मीबाई राहण्यासाठी जातात. गाव त्यांच्यापुढे उदाहरण म्हणून उभे राहत नाही. तेथे पाणी कोठून आणावयाचे, वाणी उधार देईल काय, घरी नसलेल्या नवऱ्याची विचारपूस करणाऱ्यांना काय सांगावयाचे, या रूपांनी ते समोर येते. ‘यमुनापर्यटन’चे ऐतिहासिक मोल कमी न लेखताही असे म्हणता येईल की, पाहुण्याला गाव जेवढे दिसते तेवढे यमुनेला दिसले, आणि बिऱ्हाडकरूला जेवढे कळते तेवढे लक्ष्मीबाईंना कळले.

आता प्रश्न असा की, ही गावे निवडली कोणी? जुन्या करारातील उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांची कथा आहे. दोघांची गुरेढोरे वाढली, चराई पुरेना, तेव्हा अब्रामाने निवड लोटावर सोपवली. लोटाने यार्देनेचे पाणथळ खोरे पाहिले आणि तेच घेतले. शेजारी सदोम आहे याचा विचार त्याने केला नाही. स्थलांतराच्या हिशेबावरची ही फार जुनी टीका आहे. डोळ्यांना जमीन दिसते, शेजार दिसत नाही.

लक्ष्मीबाईंना मात्र डोळे वर करून खोरे पाहण्याची संधीच पहिली कित्येक वर्षे मिळाली नाही. टिळक निघाले की निघाले. कधी मागाहून पत्र येई, कधी तेही नाही. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे, आणि बसलेली घडी त्यांना फार काळ मानवत नसे. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. आमच्या मते येथेच टीकाकारांची थोडी फसगत होते. विनोदाची वाहवा करताना त्या विनोदाखाली काय झाकले आहे, इकडे दुर्लक्ष होते. दर वेळी नव्या गावी भांडीकुंडी गोळा करणारी, ओळखीपाळखी नव्याने जोडणारी, लेकराला घेऊन नातलगांच्या दारी दिवस काढणारी बाई या विनोदामागे उभी आहे. कुटुंबाने गाव बदलावयाचे ठरवले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘कुटुंबाने’ या शब्दात घरातील किती माणसांचे मत धरलेले असते, हे विचारण्याचे धैर्य या पुस्तकाने द्यावे.

लक्ष्मीबाईंची स्वतःची पहिली मोठी निवड येते ती टिळकांच्या धर्मांतरानंतर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि संसार दुभंगला. माहेरच्या माणसांचे छत्र होते, समाजाची सहानुभूती होती, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते छत्र सोडण्याचे कोणतेही कारण नव्हते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई ते सोडून नगरला आल्या. त्यांनी नगर हे गाव निवडले असे म्हणता येणार नाही. त्यांनी एक नाते निवडले, आणि गाव त्याच्या मागून आले. तेही स्वतःचे सत्त्व राखून. सुरुवातीस त्यांचे सोवळे, त्यांची चूल, त्यांचे पाणी सारे वेगळे होते. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधीच जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी सोडवला होता आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय केला होता. ज्या मुलीच्या वडिलांच्या सोवळ्यापायी जलालपूरच्या घरात बाहेरची वस्तू धुतल्यावाचून येत नसे, त्या मुलीचा हा प्रवास मैलांत मोजता येत नाही. आमच्या वाचनाप्रमाणे त्या नगरला खऱ्या अर्थाने राहावयास आल्या त्या या दिवशी. तोवर त्या नगरमध्ये होत्या, नगरच्या झाल्या नव्हत्या.

यापुढचे पुस्तक आम्हांस अधिक मोलाचे वाटते, कारण आसरा शोधणारे घर आता इतरांचा आसरा बनते. दुष्काळाने पोरकी झालेली मुले तेथे आली. खानदेशातील धरणगावचा तरुण त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, या घरात येऊन राहिला. त्यांचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने रेखाटले आहेत. परक्या गावात आपण रुजलो याची खूण कोणती? घर स्वतःचे झाले, ही एक खूण आहेच. पण आपल्या दारी दुसरा कोणी निर्धास्तपणे येऊ लागला, ही त्याहून पक्की खूण होय. भाड्याच्या खोलीतही ती लाभू शकते, आणि बंगल्यातही हुकू शकते.

इतके म्हटल्यावर या पुस्तकाची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग कुटुंबांतून आला. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसे येतात, त्यांच्याविषयी कळकळ आहे, पण ती पुष्कळदा लक्ष्मीबाईंच्या नजरेतून दिसतात. ती स्वतः बोलती तर स्थलांतराची वेगळीच कथा ऐकू आली असती. ज्याचे घर गावकुसाबाहेर होते, त्याने गाव सोडले तेव्हा त्याने नेमके काय गमावले? लक्ष्मीबाई ज्या नाशकात उतारवयात राहत होत्या, त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ‘स्मृतिचित्रे’चे भाग बाहेर पडत असतानाच, १९३५ च्या ऑक्टोबरात, याच जिल्ह्यातील येवल्यास त्यांनी आपली धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४८ साली घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवगानावर कठोर प्रहार केला. दळणवळणाची साधने आणि पोटाचा उद्योग यांपेक्षाही, कोणी आपली जात विचारणार नाही या आशेने शहराकडे निघालेली माणसे या जिल्ह्यांत थोडी नव्हती आणि आजही थोडी नाहीत. म्हणून आम्हां धर्मगुरूंना एक सावधगिरी बाळगावी लागेल. खेड्यातील साधेपणाची, चर्चभोवतीच्या जिव्हाळ्याची चित्रे रंगवून तरुणांना ‘गाव सोडू नका’ असा उपदेश करणे सोपे आहे. ज्याला गावाने पाणवठ्यावर अडवले, त्याच्या नातवाला हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

उलट टोकाचा धडा नाशिकच्याच भूमीत आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने येथे शरणपूर वसवले. नावच सांगते की ते आश्रयाचे गाव. जातीने टाकलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना तेथे घरे मिळाली, काम मिळाले. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींनाही तेथे आणले गेले. डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासाशी ज्याचे नाव जोडले गेले, तो जेकब वेनराइट याच शाळेतला. १८७५ च्या सुमारास यांपैकी अनेकांना पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन या नव्या वसाहतीकडे नेण्यात आले. आज शरणपूर हा शहराच्या मधोमध गजबजलेला भाग आहे. त्या वसाहतीमागची करुणा आम्ही कमी लेखीत नाही. परंतु कोणी कोठे राहावे हे दुसऱ्यानेच ठरवावयाचे, एकदा नव्हे तर दोनदा, ही गोष्ट मनास टोचते. टिळकांनाही मिशनच्या छायेतील असे परावलंबन टोचत होते. १९१७ साली मिशनचे काम सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्यामागे ती टोचणी होती. लक्ष्मीबाईंना या धाडसाची किंमत पुन्हा एका नव्या बिऱ्हाडाच्या रूपाने मोजावी लागली, हेही विसरू नये.

तेव्हा बिऱ्हाड कोठे करावे या प्रश्नास ‘स्मृतिचित्रे’ उत्तर देत नाही. ते आपल्या हिशेबात काही रकाने वाढवून देते. नाशिकरोडला १९२५ मध्ये छापखाना उभा राहिल्यापासून आणि पुढे ओझरचा विमान कारखाना, सातपूरच्या वसाहती आल्यापासून नाशिकने हजारोंना पोटाला लावले. तेथे यावयाचे, तर घरातील बाईचे मत विचारले आहे काय? जेथे जावयाचे तेथे आपल्या हातचे पाणी कोण घेईल, आणि आपण कोणाच्या हातचे घेऊ? रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठावता येईल? गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी कोण बसेल? आणि तालुक्याच्या लहानशा गावात हे सारे अधिक सहज मिळत असेल, तर केवळ चारचौघे जातात म्हणून मोठे शहर का?

शेवटचा रकाना भरावयाचा आहे तो मात्र येणाऱ्या कुटुंबाने नव्हे, तर आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांनी. खेड्यातून आलेले कुटुंब बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन धर्मग्रामाच्या कचेरीत येते. वहीत त्याचे नाव लागते, कपाटाचे दार बंद होते. मग ते कुटुंब वर्षानुवर्षे मिस्सेला शेवटच्या बाकावर बसते, आणि त्याचा उल्लेख ‘नगरकडचे’ एवढाच होतो. असे जेथे घडते, तेथे त्या कुटुंबाने गाव चुकीचे निवडले असे म्हणण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाई नगरच्या झाल्या त्यामागे त्यांचा निश्चय होता, तसा त्यांना त्यांच्या सोवळ्यासकट सांभाळून घेणाऱ्या नगरच्या ख्रिस्ती मंडळींचा धीरही होता. त्यांनी वाट पाहिली, घाई केली नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी नाशिकला देह ठेवला. जलालपूर तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. एवढे अंतर तोडावयास त्यांना नागपूर, राहुरी, सातारा, कराची असा वळसा घालावा लागला. ज्यांच्या घरी आज सामानाची बांधाबांध चालू आहे, त्यांनी ती पुरी होण्यापूर्वी हे पुस्तक एकदा वाचावे. आणि ज्यांच्या शेजारी उद्या कोणी नवे बिऱ्हाड येणार आहे, त्यांनी तर अवश्य वाचावे.