घरनावेंतून पाहिलेलें शहर

एल. टी. सी. रोल्ट या इंग्रज ग्रंथकाराचें ‘नॅरो बोट’ हें पुस्तक १९४४ सालीं, ऐन महायुद्धांत, प्रसिद्ध झालें. एक जुनी मालवाहू नाव राहण्याजोगी करून घेऊन रोल्ट व त्यांची पत्नी १९३९ च्या उन्हाळ्यांत बॅनबरीहून निघाले आणि मध्य इंग्लंडच्या कालव्यांतून हिंडले, एवढेंच त्याचें कथानक. ‘क्रेसी’ ही त्यांची नाव जेमतेम सात फूट रुंद. तींतच स्वयंपाक, स्नान आणि ग्रंथसंग्रह.

पुस्तकाचें सामर्थ्य कथानकांत नाहीं, पाहण्याच्या जागेंत आहे. आगगाडीनें येणाऱ्यास शहर स्टेशनापासून दिसूं लागतें. रोल्ट लेस्टरमध्यें किंवा कुंभारभट्ट्यांच्या स्टोकमध्यें शिरतात ते कारखान्यांच्या पाठीमागून. वखारींच्या ओल्या भिंती आणि परसांतलीं वाळत घातलेलीं धुणीं पाहणाऱ्यास शहर आपलें नटवें तोंड दाखवीत नाहीं. घराची खरी पारख मोरीकडून होते, हें आमच्या गृहिणींस सांगावयास नको.

परंतु यंत्रयुगावर रोल्ट जी कठोर टीका करितात, ती आम्हांस अर्धवट वाटते. ज्या कालव्यांवर त्यांचा जीव जडला, ते या युगाचींच वडील भावंडें होत. ट्रेंट आणि मर्सी या नद्यांस जोडणारा, १७७७ सालीं पुरा झालेला कालवा जोसाया वेजवुडसारख्या भांडीं करणाऱ्या कारखानदाराच्या पुढाकारानें झाला. स्वतः रोल्ट स्टोकच्याच एका इंजिनांच्या कारखान्यांत शिकलेले! पुढें १९४६ सालीं या पुस्तकाच्या प्रेरणेनें जलमार्गांच्या रक्षणार्थ संस्था निघाली आणि पुष्कळ कालवे वाचले. माल वाहणारे नावाडी मात्र वाचले नाहींत. आज त्यांच्या जागीं बहुतांशी सुटी घालविणारी मंडळी आहेत.

हें पुस्तक चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनीं अवश्य वाचावें, कारण अशा जलमार्गाचा एक अर्धा राहिलेला अध्याय त्यांच्या दाराशीं आहे. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून पूर्व किनाऱ्यास न्यावा, अशी योजना एकोणिसाव्या शतकांत सरकारनें हातीं घेतली होती. वाटेंत खडकांचे तीन अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. पहिल्यास वळसा घालणारा कालवा खणलाही गेला. पण खर्च वाढला, आगगाडी कापसाच्या मुलखांत पोंचली आणि १८७१ सालीं काम सोडून देण्यांत आलें. सिरोंचा १८७४ सालीं चांदा जिल्ह्यास जोडलें गेलें. १९८२ पासून तें गडचिरोलींत आहे. तिकडे कालवे राहिले आणि नावाडी गेले. इकडे कालवा आलाच नाहीं, डोंगा घेऊन पात्रांत उतरणारा ढिवर मात्र राहिला.

तेव्हां रोल्टचें अनुकरण मराठींत कोणी करूं लागेल, तर त्यास घरनाव मिळावयाची नाहीं. इरईचें पात्र उन्हाळ्यांत आटतें. तरी पावसाळा सरतां सरतां नदीच्या अंगानें चंद्रपूर पाहण्यास काय हरकत आहे? गोंडराजांच्या परकोटास चार दरवाजे आणि पांच खिडक्या. जटपुरा दरवाजानें आलेला पाहुणा राजधानी पाहतो. ‘मसण खिडकी’ हें नांवच सांगतें कीं गांवाची शेवटची वाट कोठून निघे. पुढें झरपटेच्या संगमावरून वर्धा, मग प्राणहिता, आणि शेवटीं सिरोंचासमोरील काळेश्वर.

मात्र या लेखकानें ढिवरास देखाव्यांतील आकृति करूं नये. रोल्टच्या पुस्तकांतील सर्वांत टिकाऊ पानें नावेच्या बांधणीचीं व नावाड्यांच्या कामाचीं आहेत. डोंगा कोणत्या लांकडाचा, तो कोरावयास किती दिवस लागतात, पुराच्या ओढींत वल्हें कसें धरावें आणि पूल झाल्यावर उताऱ्याच्या पैशांचें काय झालें, हें त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलींत लिहून घ्यावें. सूर्यास्ताचीं वर्णनें आमच्याकडे पुरेशीं झालीं आहेत.