लेबल कॅमेऱ्याकडे

घरात भांडण पेटलेलं आहे. सासू-सुनेनं अबोला धरलाय. तेवढ्यात सून फळीवरून मसाल्याचा पुडा काढते, नाव आपल्याला नीट वाचता येईल असा धरते आणि त्याच्या स्वादाबद्दल दोन वाक्यं बोलते. सासू मान डोलावते. मग दोघी पुन्हा अबोल्यात. संध्याकाळी मराठी मालिका लावणाऱ्यांना हे नवं नाही. पुड्याच्या जागी कधी तेलाचा डबा असतो, कधी साबण, कधी सराफाच्या पेढीची पिशवी. ‘द ट्रूमन शो’ (१९९८) या चित्रपटात ट्रूमनची बायको ऐन भांडणात कोकोचा डबा हातात धरून त्याचे गुण सांगू लागते आणि तो हादरून विचारतो, ही बोलतेय कुणाशी? पीटर विअर यांनी तो प्रसंग अंगावर काटा यावा म्हणून रचला होता. आपल्याकडं ती रोजची रीत झाली आहे. धंद्यात तिला ‘इंटिग्रेशन’ म्हणतात.

माझं भांडण जाहिरातीशी नाही. दूरदर्शनवर १९७६ साली जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून या देशात लघुपटाची जी काही उत्तम कामं झाली, त्यांतली बरीचशी जाहिरातींच्या ब्रेकमध्येच झाली. फेविकॉलची २००२ची बसची जाहिरात आठवा. वाळवंटातला रस्ता. टपावर, दारात, कडेला, जिथं हात पोचेल तिथं माणसं लगडलेली एक बस. ती खड्ड्यांतून हेलकावते, सगळी माणसं एकदम एका बाजूला झुकतात, एकदम सावरतात. पडत कुणीच नाही. शब्द एकही नाही. बस पुढं निघून जाते तेव्हा तिच्या पाठीवरचं नाव दिसतं आणि सगळा उलगडा होतो. डबा उघडणारा सुतार नाही, ‘जास्त मजबूत’ असा दावा नाही. प्रसून पांडे यांनी शेवटचा दुवा प्रेक्षकाच्या हाती ठेवला, कारण तो जोडण्याइतका प्रेक्षक शहाणा आहे यावर त्यांचा विश्वास होता. आणि ती माणसं! त्यांचे फेटे, त्यांची पेंग, त्यांचा निवांतपणा. आपल्या प्रवासाचं इतकं खरं आणि इतकं मायेनं टिपलेलं चित्र मोठ्या पडद्यावरही फार थोड्यांनी दिलं. पुढं २०१९मध्ये फेविकॉलनं साठीनिमित्त सोफ्याची जाहिरात केली. एकच सोफा घरं बदलतो, त्याचं कापड बदलतं, मालकिणी बदलतात, सांगाडा तोच राहतो. सहा दशकांतला मध्यमवर्गाचा बदलता दिवाणखाना तीत सामावला आहे. पटकथा शिकणाऱ्या मुलांना मी या दोन जाहिराती आधी दाखवीन, मग बाकीचं.

तीच गोष्ट सर्फच्या ललिताजींची. निरमाच्या स्वस्ताईपुढं सर्फ मागं पडू लागलं तेव्हा अलेक पदमसी यांच्या लिंटासनं ही गृहिणी उभी केली. ती आपल्याकडं रोखून पाहते आणि पावडर विकते. आव कसलाही आणत नाही. तरी तिला स्वभाव आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशाची किंमत जाणणारी, कुणाच्या बोलण्याला न भुलणारी ही बाई आपल्या ओळखीची आहे. तो स्वभाव जिनं उभा केला त्या कविता चौधरी यांनी पुढं १९८९मध्ये ‘उडान’ लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत मुख्य भूमिकाही केली. आता आजच्या मालिकेतली ती सून पाहा. तिला स्वभाव मिळावा म्हणून लेखकानं शेकडो भाग खर्ची घातले, आणि तो स्वभाव एका पुड्यासाठी मिनिटभरात काढून घेतला जातो. विकण्यासाठीच जन्मलेली ललिताजी माणूस झाली. गोष्टीसाठी जन्मलेल्या सुनेची विक्रेती झाली.

कॅडबरीनं आपल्या १९९४च्या जाहिरातीतली, क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरणारी मुलगी २०२१मध्ये फिरवून दाखवली. या वेळी षटकार मुलीचा आणि नाच मुलाचा. जुन्या आठवणीवर उभी राहिलेली आणि तरीही नवं काही बोललेली ती जाहिरात मला फार आवडली. बाकी वेलचीच्या नावाखाली गुटख्याच्या ब्रँडची ओळख जपणारे महानायक आणि हिंदीवरून घाईघाईनं मराठीत ओढलेल्या जाहिराती यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वस्तू गोष्टीत येऊच नये असंही मी म्हणत नाही. ‘बॉबी’मध्ये (१९७३) राजदूतची ती छोटी मोटरसायकल आली. चित्रपटातल्या कोवळ्या, हट्टी नायकाला ती शोभली, आणि लोकांनी गाडीलाच बॉबी म्हणायला सुरुवात केली. नाव गोष्टीकडून वस्तूकडं गेलं. सुभाष घईंच्या ‘ताल’मध्ये (१९९९) कोकची बाटली प्रेमाची निशाणी होते तेव्हा प्रवाह उलटा वाहू लागतो. दोन वर्षांनी ‘यादें’मध्ये तर पात्रं कोणता प्रसंग जगताहेत यापेक्षा हातात काय धरून जगताहेत हेच लक्षात राहतं. मालिकांनी धडा घेतला तो नेमका ‘यादें’चा.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: मराठी मालिकेचं बजेट तुटपुंजं, ब्रेक लागला की लोक चॅनेल बदलतात, पैसा आणायचा कुठून? पण ‘हम लोग’ ही मालिकाही १९८४ साली मॅगीच्या पैशावरच चालली. त्याच वर्षी ‘ये जो है ज़िंदगी’च्या मागं विको होती. प्रायोजकाचं नाव मालिकेच्या दारावर ठळक असायचं आणि आत ‘हम लोग’मधला बसेसरराम आपलं दुःख आपल्याच शब्दांत भोगायचा. त्यानं मॅगीचं कौतुक केलं नाही म्हणून मॅगीचं काही बिघडलं नाही.

आणि हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४चे आहेत. त्यांतला सातवा नियम सांगतो की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. ताशी बारा मिनिटांची मर्यादाही त्याच नियमात आहे. सुनेच्या तोंडची वाक्यं वेगळी ओळखू येऊ नयेत यासाठीच तर पैसे मोजलेले असतात. मग हा नियम पाळला जातो असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? ब्रिटननं २०११मध्ये टीव्ही कार्यक्रमांत अशा वस्तूंना परवानगी दिली, पण तिथल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक ब्रेकनंतर पडद्यावर ‘पी’ अक्षराची खूण दाखवावी लागते. बातम्यांत आणि मुलांच्या कार्यक्रमांत तिथं अशा वस्तूंना मज्जाव आहे. आपल्याकडं मालिका आजीच्या मांडीवर बसून नातवंडं पाहतात. ब्रेक म्हणजे जाहिरात एवढं त्यांना कळतं. आवडती ताई स्वयंपाकघरात बोलते ते पैसे घेऊन, हे त्यांना कोण सांगणार?

आपल्या चॅनेलांनी अशी खूण उद्यापासून लावावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि मालिकालेखकांनी एकत्र येऊन करारात एक कलम घालून घ्यावं: मार्केटिंग विभागाकडून आलेलं वाक्य लेखकाच्या संमतीशिवाय पात्राच्या तोंडी जाणार नाही. एकट्यानं नकार देणाऱ्या लेखकाच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा येतो, म्हणून हे सगळ्यांनी मिळूनच मागायला हवं.