नदी काळी, टिन पांढरं

डीसीएस वर्ल्डमध्ये एफ-४ई फँटम घेऊन, खाली दाट ढग असताना, फक्त रडारच्या भरवशावर एक पूल पाडून बघा. पहिल्या दहा वेळा पडणार नाही. मी टाकलेला पहिला बॉम्ब पुलापासून सव्वा किलोमीटरवर एका शेतात पडला होता. दुसरा नदीपलीकडे. तिसऱ्या वेळी मी चुकीच्याच नदीवर होतो.

हा लेख त्या खेळाबद्दल आहे आणि समीक्षा म्हणूनच लिहितोय. आपल्याकडे गेमवर लिहायचं म्हणजे एक तर ‘मुलं बिघडतात’ किंवा ‘ग्राफिक्स भारी आहेत’. कॉम्बॅट सिम्युलेटर हा मात्र वाचायचा प्रकार आहे. त्याची पुस्तिका कादंबरीएवढी असते, आणि त्यात एक जग बघण्याची एक विशिष्ट रीत दडलेली असते. हीटब्लर या चमूनं २०२४च्या मे महिन्यात आणलेलं हे फँटम माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात ताकदीचं काम आहे. त्याच्याबद्दलची माझी तक्रारही त्या ताकदीतूनच येते.

आधी ताकद. नव्या विमानांत उपग्रहाकडून मिळालेला आकडा बॉम्बला द्यायचा, बटण दाबायचं, काम झालं. फँटम साठच्या दशकातलं. दोन माणसांचं विमान; पुढचा चालवतो, मागचा रडार बघतो. एकटे खेळत असाल तर एक जागा ‘जेस्टर’ नावाचा संगणकी सोबती सांभाळतो. मागच्या सीटवर तुम्ही बसलात की समोर हिरवट पडदा, त्यावर पंख्यासारखी फिरणारी रेघ आणि रेघेमागे उमटत जाणारे डाग. या डागांत गाव कुठलं, टेकडी कुठली, पूल कुठला, हे ओळखायचं. खेळ काहीही सांगत नाही. कुठलाही बाण नाही, ‘येथे लक्ष्य’ अशी पाटी नाही.

डाग इतके जाड का, याचं गणित शाळेतलं आहे. रडारची शलाका टॉर्चच्या झोतासारखी पसरते. ती तीन अंश रुंद धरली तर ४० किलोमीटरवर तिची रुंदी दोन किलोमीटरच्या वर जाते. एवढ्या पट्ट्यातली सगळी घरं पडद्यावर एकच ठिपका होतात. जवळ गेलं की ठिपका बारीक होतो, पण विचार करायला वेळ उरत नाही. अचूकता वाढवायची म्हणजे या दोन्हींच्या मधली जागा शोधायची.

दुसरी चूक विमानाच्या स्वतःबद्दलच्या समजुतीत असते. उपग्रह नसताना विमान आपली जागा आतल्या जायरोस्कोपांवरून मोजत जातं, आणि ते मोजमाप तासाला एक-दोन सागरी मैलांनी सरकू शकतं. ते दुरुस्त करायला वाटेतली एखादी पक्की खूण, नदीचं वळण किंवा धरणाची भिंत, रडारवर पकडायची आणि विमानाला सांगायचं की बाबा, तू इथे आहेस. जानेवारी २०१७ मध्ये याच चमूनं आणलेल्या स्वीडिश व्हिगनमध्येही अशी दुरुस्ती हा उड्डाणाचा गाभा होता. त्यात वैमानिक एकटाच, त्यामुळे घामही जास्त.

तिसरी चूक मला समजायला महिना लागला. रडार अंतर तिरकं मोजतं, विमानापासून थेट लक्ष्यापर्यंत. बॉम्बला लागतं ते जमिनीवरचं अंतर. समजा तुम्ही सहा किलोमीटर उंचीवर आहात आणि तिरकं अंतर दहा. पायथागोरस म्हणतो, जमिनीवर आठ. पण लक्ष्य समुद्रसपाटीवर नसून २०० मीटर उंच पठारावर असेल, तर खरं उत्तर आठ किलोमीटर आणि वर सुमारे १४५ मीटर. तेवढा बॉम्ब आधीच पडतो. नेम चुकला म्हणून मी कर्सर हलवत बसलो होतो. चूक नकाशावरच्या समोच्च रेषेत होती. सिम खेळणाऱ्या नवख्याला मी एकच सांगेन: लक्ष्याची उंची भर, मग बाकी बोलू.

चौथी गोष्ट फँटमची नाही, एफ/ए-१८सारख्या पुढच्या पिढीच्या विमानांची. त्यांचं रडार परत आलेल्या लहरींतला डॉपलरचा फरक मोजून चित्र धारदार करतं. पण शेजारच्या दोन बिंदूंमधला हा फरक नाकाच्या रेषेत जवळजवळ शून्य होतो. म्हणून अगदी समोर बघताना हे रडार आंधळं असतं. लक्ष्याकडे सरळ जायचं नाही, ते वीस-तीस अंश बाजूला ठेवायचं, तिरक्या नजरेनं बघून कर्सर टेकवायचा आणि मगच वळायचं. कुठल्याही खेळानं मला शिकवलेली ही सगळ्यात विचित्र शिस्त आहे.

आता मुलचेऱ्याकडे येतो. जुन्या रडारवाल्यांची एक सवय होती: उड्डाणाआधी नकाशा घेऊन, रडारवर काय दिसेल याचं चित्र हातानं काढायचं. सराव म्हणून मी ओळखीचा प्रदेश घेतला. डीसीएसमध्ये कॉकेशस आहे, सीरिया आहे, अफगाणिस्तान आहे. गडचिरोली नाही, आणि कुणाला ती हवी असेल असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी आहे म्हणून मुलचेराही आहे, पण ते नागरी विमानांचं जग. म्हणून कागद आणि पेन्सिल.

पाणी आधी. शांत पाण्यावर पडलेली लहर आरशासारखी पुढे निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तो जाड काळा पट्टा चुकणारच नाही. दिना नदी बारीक रेघ, तीही पावसाळ्यात. मामा तलाव म्हणजे काळे डाग, पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळ्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असतात, तेव्हा तलाव कुठला आणि बांधी कुठली? महिन्याभरात धान वाढलं की त्याच बांध्या उजळू लागतात, कारण लहर पाण्यावरून उडून रोपांवर आदळते आणि माघारी येते. म्हणजे ऑगस्टचं चित्र सप्टेंबरला चालणार नाही. एकही सिम हे करत नाही. सिममध्ये ऋतू बदलला की रंग बदलतो. शेत तेच राहतं.

मग जंगल. लढाऊ विमानाच्या रडारची लहर साधारण तीन सेंटिमीटरची. ती सागाच्या पानांवरच अडते. म्हणून जंगल म्हणजे सगळीकडे सारखं दाणेदार करडं, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. घरांचं त्याहून मजेदार. टिनाचं छप्पर उतार विमानाकडे असेल तर लख्ख पांढरं, नाहीतर गायब. पक्क्या भिंतींचे कोपरे चमकतात. मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर झाडांच्या करड्यात विरून जातं. तहसीलचं आवार, शाळा, गोदाम, लोखंडी मनोरा दिसेल. गोंड-माडियांचा जुना टोला दिसणार नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची या तालुक्यातली गावं दिसतील ती टिनापुरती.

फँटमकडे यावर उपाय आहे. लक्ष्य रडारवर दिसत नसेल तर जवळची दिसणारी खूण धरा, तिच्यापासून लक्ष्य उत्तर-दक्षिण किती फूट, पूर्व-पश्चिम किती फूट, ते डायलवर लावा. कर्सर पुलावर ठेवा; बॉम्ब न दिसणाऱ्या जागी जाईल. मी कागदावर तेही केलं. खूण म्हणून नदीवरचा पूल घेतला आणि पट्टीनं आमच्या घरापर्यंतचं अंतर मोजलं. दोन आकडे निघाले. ते लिहिले, बघितले, आणि त्या दिवशी पुढे खेळलो नाही. भीती वाटली असं नाही. पण ती जागा दोन आकड्यांत इतकी नीट बसली, याचा राग आला.

इथे माझी तक्रार सुरू होते. फँटम बघायला लावतं, कष्टानं बघायला लावतं. नदीचं वळण लक्षात ठेवावं लागतं, टेकडीची सावली ओळखावी लागते, गावाचा आकार पाठ करावा लागतो. एखाद्या परक्या मुलखाशी इतकी ओळख कुठल्याच दुसऱ्या खेळानं मला करून दिली नाही. आणि बॉम्ब सुटताक्षणी ही सगळी ओळख संपते. शेवटी जी नोंद मिळते तिच्यात किती वाजता काय सोडलं आणि कशाला लागलं. जे शेत पहिल्या दिवशी मी उडवलं ते नोंदीत नव्हतं, कारण ते लक्ष्य नव्हतं. खेळाचं रडार तेच दाखवतं जे बनवणाऱ्यांनी जमिनीवर ठेवलं, आणि त्यांनी माणसं जवळजवळ ठेवलेलीच नाहीत.

‘खेळच आहे’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण हा खेळ स्वतःला खेळ म्हणवत नाही. तो एकेका स्विचच्या खरेपणाचा अभिमान बाळगतो. मग खरेपणा कुठे थांबवायचा हा निर्णय त्याचाच, आणि त्या निर्णयावर बोलता येतं.

खऱ्या इतिहासात ही नजर कुठे थांबली हे बघण्यासारखं आहे. १९४३च्या जानेवारीअखेरीस ब्रिटिशांनी एचटूएस हे जमीन दाखवणारं रडार पहिल्यांदा वापरलं ते हँबुर्गवर. तिथे एल्ब नदी आणि गोद्यांचं पाणी काळं दिसतं, शहर ओळखू येतं. बर्लिन इतकं पसरलेलं की पडदाभर नुसता उजेड. त्यात नेमकं कुठे, ते कळेना. म्हणजे शहराचं नशीब काही अंशी त्याच्या पाण्यावर ठरत होतं.

जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’मध्ये (१९६१) एक जनरल बॉम्ब एकमेकांच्या किती जवळ पडले यावर खूश होतो, कारण हवाई फोटो छान येतो, खाली इटलीतलं एक खेडं असतं. आणि जर्मन दिग्दर्शक हारून फारोकीच्या १९८८च्या माहितीपटात ४ एप्रिल १९४४चा एक हवाई फोटो आहे. कारखान्यांचे फोटो घ्यायला गेलेल्या विमानाच्या कॅमेऱ्यात आउशवित्झची छावणीही आली होती. विश्लेषकांनी कारखाना नोंदवला. छावणी १९७७ पर्यंत त्या फोटोत कुणी ओळखलीच नाही. डोळे चांगले होते, फोटो स्पष्ट होता, यादीत तो शब्द नव्हता.

फँटमची नोंद बघताना मला हा फोटो आठवतो. तुलना मोठी आहे, मान्य. पण यादीचा प्रश्न तोच आहे.

हीच रडारची विद्या दुसऱ्या कामालाही लागते, हे खेळणाऱ्यांपैकी फार कमी जणांना माहीत असतं. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची, म्हणजे पानांच्या आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत जाणारी. तिरकं बघणं, डॉपलर, जमिनीच्या उंचीची दुरुस्ती, सगळं तेच. त्याची चित्रं सगळ्यांसाठी खुली असावीत असं ठरलेलं आहे. हिरव्या पडद्यावर डाग वाचायची सवय झालेल्या कुणीही ती उघडून बघावीत. हात बसलेला असतो.

आमच्याकडे आकाशातून येणाऱ्या गोष्टींची आठवण वेगळी आहे. निवडणुकीत मतदान पथकं हेलिकॉप्टरनं दुर्गम भागात उतरवतात. आवाज आला की पोरं पळत बाहेर येतात, म्हातारी माणसं आधी आत जातात आणि मग बाहेर येतात. कॉकपिटमधून हा फरक दिसत नाही.

सिम मी सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात पूल पहिल्याच फेरीत पाडला. उंची भरली होती, वाटेत एक खूण पकडून दुरुस्ती केली होती, पंख सरळ ठेवले होते. मग बॉम्ब पडल्यावर वळून खाली गेलो, ढगांच्या खाली, विमान पडेल इतक्या हळू, पुलाच्या अलीकडच्या वस्तीवरून. घरं होती, रस्ता होता, झाडं होती. अंगणात कुणी नव्हतं. एकाही घराला दोरीवर कपडे नव्हते.