मंजुरी प्राध्यापकांची, माघार कोणाची?

आपल्या बडोद्यात १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सिरीजची पुस्तकं निघाली. तरी मंडळात कुणी ना कुणी म्हणतंच, ‘ऑक्सफर्डनं छापलंय, म्हणजे खात्रीचं.’ मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. ती खात्री कोण देतं, हे मात्र पाहिलं नव्हतं.

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस ही वेगळी कंपनी नव्हे, विद्यापीठाचाच विभाग आहे. तिच्यावर ‘डेलिगेट्स’ म्हणजे विद्यापीठातल्या अध्यापकांचं मंडळ असतं. ही चाल सतराव्या शतकापासूनची. तज्ज्ञांचे अभिप्राय आल्यावर या मंडळाच्या मान्यतेनं ग्रंथ निघतो. केंब्रिजला हेच काम ‘सिंडिक्स’ करतात. व्यवस्था उत्तम आहे, वाद नाही.

माझा आक्षेप दुसऱ्या टोकाला आहे. कारखान्यात माल आत घेताना तपासतात, तसा तो बाद करतानाही कुणाची तरी सही लागते. इथे मंजुरीचा नियम ठळक. माघारीचा तसा नियम वाचकाला दिसत नाही.

जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक याच प्रेसचं. त्यातल्या मजकुरावर संताप उसळला, इतिहासकारांनी निषेधाचं पत्र धाडलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रेसनं भारतात ते मागे घेतलं. तो मजकूर मलाही पटत नाही. पण त्याचं पुराव्यानिशी खंडन व्हायला हवं होतं. माघारीनं शांतताही मिळाली नाही. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झालाच.

ए. के. रामानुजन यांच्या तीनशे रामायणांवरच्या निबंधाचा वाद पेटला, तेव्हा तो ज्यात आहे त्या पुस्तकांची छपाई थांबलेली होती. प्रेस म्हणाली, खप नाही. २०११ च्या अखेरीस जगभरच्या अभ्यासकांनी दडपण आणलं, तेव्हा कुठे पुनर्मुद्रण जाहीर झालं. म्हणजे चूक दुरुस्त केली ती बाहेरच्यांनी.

बरं, प्राध्यापक बसवले की भागलं, असंही नाही. हाच निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून वगळला तो विद्वत परिषदेनंच, आणि तोही चारांपैकी तीन तज्ज्ञ निबंधाच्या बाजूनं असताना!

तेव्हा कोण बसलंय एवढंच पाहून चालायचं नाही. निर्णय कारणांसह लिहिला जातो का, हेही पाहावं. आपलं मंडळ छोटं. तरी उद्या एखादा निबंध मागे घ्यावा लागला, तर कोणी आणि कशासाठी, हे दोन ओळींत तिथंच नोंदवून ठेवू. पुढच्या शोधणाऱ्याला निदान रिकामी जागा तरी सापडेल.