देवलदेवी आणि 'दुवलरानी' : हयात व्यक्तींवरील कथाकाव्याचा नीतिविचार

हयात व प्रसिद्ध व्यक्तींना नायक-नायिका करून त्यांच्या खाजगी जीवनावर कथा रचाव्यात की नाही, हा प्रश्न चित्रपटनटांविषयी त्यांचे चाहते लिहीत असलेल्या कथांमुळे आज पुन्हा चर्चेत आला आहे. तो मुळात जुना आहे, आणि त्याचे एक बोधप्रद उदाहरण दौलताबादच्या इतिहासाशी निगडित आहे.

अमीर खुस्रौने 'दुवलरानी खिज्रखान' ही फारसी मस्नवी १३१६ च्या सुमारास पूर्ण केली. तिचा नायक अल्लाउद्दीन खलजीचा पुत्र खिज्रखान. नायिका गुजरातच्या कर्ण वाघेल्याची कन्या देवलदेवी. काव्य रचले गेले तेव्हा दोघेही हयात होती. देवलदेवीचा विवाह देवगिरीच्या शंकरदेवाशी योजिला होता व तिकडे जात असता ती वेरूळच्या लेण्यांजवळ सुलतानाच्या सैनिकांच्या हाती लागली, असे फिरिश्ताने सतराव्या शतकात लिहिले. या कथेच्या सत्यतेविषयी काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे. तथापि येथे प्रश्न काव्याच्या नीतीचा आहे.

आपल्या प्रेमाचा वृत्तान्त राजपुत्राने स्वतःच आपल्या हाती दिला, असे खुस्रौ सांगतो. म्हणजे नायकाची संमती होती. परंतु नायिकेची? काव्यानुसार ती बालवयात दिल्लीच्या राजवाड्यात आणली गेली. तिच्या अंतःकरणातील प्रीती कवीने वर्णिली, ती नायकाच्या सांगण्यावरून. तिचे नावही त्याने पालटले: 'दौलत' या शब्दाचे अनेकवचन 'दुवल', म्हणून देवल ती दुवल. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद म्हटले, तेव्हा नगरीच्याही वाट्याला तोच शब्द आला. दोन्ही ठिकाणी नाव देणारा समर्थ होता आणि जिला नाव दिले तिला विचारण्याचे कारण कोणास वाटले नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, नंदशंकर मेहतांनीही 'करणघेलो' (१८६६) या गुजराती कादंबरीत देवलदेवीच्या मनात आपल्या कल्पनेने प्रवेश केला आहे. हे खरे; परंतु मेहता साडेपाच शतकांनंतर लिहीत होते. खुस्रौचे काव्य पूर्ण झाले तेव्हा ती त्याच राजकुलात होती, आणि 'माझे मन असे नव्हते' असे म्हणण्यास तिला वाव नव्हता.

खुस्रौच्या पदरी एक गोष्ट अवश्य टाकली पाहिजे. खिज्रखानाचे डोळे काढण्यात आले व १३१८ मध्ये ग्वाल्हेरीस त्याचा वध झाला; हा शोकान्त कवीने मागाहून काव्यास जोडला. आश्रयदाता उरला नसताही त्याने कथेचा शेवट गोड ठेवला नाही.

तात्पर्य, प्रसिद्ध पुरुषाच्या उघड कृतींवर लेखकाचा अधिकार मान्य केला, तरी त्या कथेत ओढल्या गेलेल्या दुसऱ्या व्यक्तीच्या मनावर तो आपोआप पोहोचत नाही. अशा कथेचे परीक्षण करताना नायक प्रसन्न झाला काय, हे विचारून भागणार नाही; जिला उत्तर देता येत नव्हते तिच्या तोंडी लेखकाने काय घातले, हे प्रथम पाहिले पाहिजे.