स्टंटपटांचा इतिहास कोणी लिहायचा?

१९५६ साली कोलंबिया कंपनीने ‘ब्लेझिंग दी ओव्हरलँड ट्रेल’ हा मालिकापट काढला आणि दर आठवड्याला नायकाला कड्यावर लटकत ठेवून ‘क्रमशः’ म्हणणारा अमेरिकेतला धंदा गुंडाळला गेला. धंदा संपला तशी पुस्तकं सुरू झाली. १९६४ मध्ये कॅल्टन लाह्यू यांचं ‘कंटिन्यूड नेक्स्ट वीक’ आलं, चार वर्षांनी त्यांचंच ‘बाउंड अँड गॅग्ड’. १९७१ मध्ये रेमंड स्टेडमन यांचं ‘द सीरियल्स’, पुढल्या वर्षी जिम हार्मन आणि डॉनल्ड ग्लट यांचं ‘द ग्रेट मूव्ही सीरियल्स’, आणि १९७५ मध्ये जॅक मॅथिस यांचं ‘व्हॅली ऑफ द क्लिफहँगर्स’. हे शेवटचं म्हणजे एकट्या रिपब्लिक स्टुडिओच्या मालिकापटांचं जाडजूड बाड. टीकाकार ज्याला पोरखेळ म्हणून हात लावत नव्हते, त्या मालाची नोंद त्याच्या चाहत्यांनी ठेवली: कोणत्या भागात कोण पडलं, कसं वाचलं, घोड्यावरून उडी प्रत्यक्षात कोणी मारली.

या पुस्तकांचं बळ नोंदीत आहे आणि दुबळेपणही तिथेच. याद्या भरपूर, प्रश्न थोडे. प्रेमाच्या भरात लेखक फसवणुकीचंही कौतुक करतात. मागल्या भागाच्या शेवटी मोटार नायकासकट दरीत कोसळताना आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. पुढच्या भागात कळतं की गडी कठड्यापाशीच उडी टाकून मोकळा झाला होता. स्टीफन किंगच्या ‘मिझरी’तली ती खुनशी वाचक बाई याच लबाडीवर संतापते, आणि तेवढ्यापुरती ती मला पटते. पडद्यासमोर कोण बसत होतं, हा प्रश्न नीट विचारला गेला तो पुढे विद्यापीठांतून. शेली स्टँप (२०००) आणि बेन सिंगर (२००१) यांनी मूकपटांची नायिका पर्ल व्हाइट हिच्या काळातल्या मालिकापटांकडे शहरात नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींच्या नजरेने पाहिलं. त्यांची भाषा जड आहे. पण चाहत्यांच्या याद्यांना पहिल्यांदा अर्थ आला तो त्यांच्यामुळे.

माझ्या मते या सगळ्या कपाटातलं उत्तम पुस्तक मात्र ना चाहत्याचं, ना प्राध्यापकाचं. ते एका कारागिराचं आहे. विल्यम विटनी हा रिपब्लिकचा दिग्दर्शक. त्याच्या १९९६ च्या आठवणींचं नावच दारातून आत, मारामारी, दारातून बाहेर, पाठलाग अशा अर्थाचं आहे. त्याच्या आधी पडद्यावरची मारामारी म्हणजे दहा माणसं एका चौकटीत सोडायची आणि दमेपर्यंत हाणामारी करू द्यायची. विटनीने बस्बी बर्कलीला नर्तकींची तालीम घेताना पाहिलं आणि मारामारीही नाचासारखी तुकड्यातुकड्यात बांधायला घेतली: हा ठोसा, थांबा, कॅमेरा हलवा, आता टेबल मोडा. त्याच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’मध्ये (१९४१) उडणारा वीर हा लायडेकर बंधूंनी तारेवरून घरंगळत सोडलेला पुतळा होता, आणि ते उड्डाण आजही खोटं वाटत नाही. असं पुस्तक वाचलं की कळतं, कलेचा इतिहास लिहायचा तर हात काळे झालेल्या माणसाची साक्ष हवी.

ही साक्ष आपल्याकडे कोणी, कोणत्या भाषेत घेतली?

गंमत अशी की लटकंतीच्या या धंद्याचा आरंभच एका मनातल्या हिंदुस्थानात झाला. १९१३ चा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ हा कड्यावर थांबणाऱ्या मालिकापटांमधला अगदी पहिला समजला जातो. शिकागोच्या सेलिग कंपनीने त्यात एका अमेरिकन मुलीला काल्पनिक हिंदी संस्थानात, वाघसिंहांच्या तोंडी दिलं होतं. पुढे एडी पोलो, एल्मो लिंकन, पर्ल व्हाइट यांची रिळं खरोखरच्या हिंदुस्थानात आली आणि स्वस्त तिकिटांच्या रांगांत ती नावं तोंडी झाली. ती पाहत वाढलेल्यांनी पुढे मुंबईत स्वतःचं दुकान थाटलं. जमशेद वाडिया एम.ए., एलएल.बी., पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी; धाकटे भाऊ होमी दिग्दर्शक. पर्थला जन्मलेल्या मेरी इव्हान्सला त्यांनी ‘नादिया’ केलं, हातात चाबूक दिला आणि १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ पडद्यावर आणला. वितरकांनी पाठ फिरवली होती, म्हणून चित्रपट त्यांना स्वतःच्या हिमतीवर लावावा लागला. तो तुफान चालला, हे सर्वांना ठाऊक आहे. वाडियांचे चित्रपट भागाभागांचे नव्हते, एका बैठकीत संपायचे. पण अंगात रक्त मालिकापटाचंच. गाडीच्या टपावरची झुंज, पाठलाग, शेवटच्या क्षणी सुटका. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) तर नावापासून रेल्वेचा.

या दुकानाचा इतिहास लिहिला तो बाहेरच्यांनी. नादियाचं चरित्र पहिल्यांदा आलं ते जर्मनमध्ये, १९९९ साली, डोरोथी वेनर यांच्या हातून. इंग्रजी अनुवादाला २००५ उजाडलं. पुस्तक चटकदार आहे, नादियाबद्दल माया आहे, पण मुंबईचा गिरणगाव त्यात पाठीमागच्या रंगवलेल्या पडद्याइतकाच दिसतो. ब्रिटिश अभ्यासक रोझी थॉमस यांचं ‘बॉम्बे बिफोर बॉलिवुड’ (२०१३) त्याहून खोल. जादू, अरबी सुरस कथा, स्टंट आणि पौराणिक चित्रपट एकाच कारखान्यातून कसे निघत, हे त्या दाखवतात, आणि तथाकथित सामाजिक चित्रपटांना मध्यभागी ठेवून लिहिलेल्या इतिहासाची मांडणीच त्या हलवतात. व्हॅलेंटिना विटाली (२००८) धंद्याच्या अर्थकारणावर भर देतात, म्हणून उपयोगी. वाचायला मात्र चिकाटी लागते. देबश्री मुखर्जी यांचं ‘बॉम्बे हसल’ (२०२०) स्टुडिओत राबणाऱ्या, दमणाऱ्या, जखमी होणाऱ्या शरीरांकडे पाहतं, आणि या सगळ्यांत ते मला जवळचं वाटलं. या अभ्यासाच्या मुळाशी १९८० सालच्या ‘सिनेमा व्हिजन’ नियतकालिकातले दोन लेख आहेत, जमशेद वाडियांच्या आठवणी आणि गिरीश कर्नाडांचा नादियावरचा लेख. दोन्ही इंग्रजीत.

आता खानदेशातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात चित्रपटांच्या कपाटापुढे उभे राहा. ‘शांतारामा’, बापू वाटव्यांचं ‘एक होती प्रभातनगरी’, ‘मी, दुर्गा खोटे’, हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’, भालजींचं ‘साधा माणूस’, अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक. एकेक पुस्तक सोन्याचं. ‘सांगत्ये ऐका’ तर चित्रपटाचं कपाट ओलांडून मराठी आत्मकथनांत जाऊन बसलंय. पण मराठी चित्रपटलेखनाचा काटा कायम एकाच दिशेला झुकलेला: प्रभात, संत, आशय, घरंदाजपणा. खुद्द प्रभातने मूकपटाच्या दिवसांत ‘खुनी खंजर’ (१९३०) काढला होता, तो या कहाण्यांत घाईने ओलांडला जातो. इसाक मुजावरांसारख्या एखाद्या पत्रकाराने विसरलेली नावं चिकाटीने जिवंत ठेवली, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. मात्र स्टंटपटांवर ऐसपैस, स्वतंत्र असा मराठी ग्रंथ माझ्या वाचनात नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या बाबतीत आपण वागलो तसेच इथेही वागलो: वाचायचं सगळ्यांनी, पाहायचं सगळ्यांनी, लिहायचं कोणी नाही.

आणि माणसं तर आपलीच होती. मास्टर विठ्ठल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून निघाला, शारदा कंपनीत तलवारबाजीचा हुकमी नायक झाला. त्याच्याविषयी वाचायला मिळतं ते बहुतेक ‘आलम आरा’ आणि करारभंगाच्या खटल्यात त्याच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर जिना एवढंच. भगवान आभाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. ‘अलबेला’च्या (१९५१) आधी त्याने ‘बहादूर किसान’पासून (१९३८) कमी पैशांतले स्टंटपट धडाधड काढले, ते कामगार प्रेक्षकांसाठी. त्यातले बहुतेक आगीत गेले. त्याच्यावर २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, पण तो नावाप्रमाणे ‘अलबेला’भोवतीच फिरतो. स्टंटवाला भगवान पुन्हा बाजूला.

सगळ्यांत मोठी उणीव ललिता पवारांची. येवल्याची ही मुलगी मूकपटांत ‘अंबू’ म्हणून आली. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा आज हाती असलेल्या मोजक्या भारतीय मूकपटांपैकी एक, दिग्दर्शक जी. पी. पवार. कथा ओळखीची: दुष्ट कारभारी राजाचा खून करतो, वारस रस्त्यावर कसरती करणाऱ्यांत वाढतो. पण लक्ष वेधून घेते ती त्याची जोडीदारीण सारंगा, म्हणजे अंबू. दोघं मिळून डोंबाऱ्याचा खेळ करतात, आणि प्रसंग येतो तेव्हा ती मुखवटा चढवते, तलवार उपसते. हंटरवालीला अजून चार वर्षं अवकाश होता! युरोपीय अभ्यासकांना नादिया दिसली, कारण ती गोरी होती आणि तिचे चित्रपट, छायाचित्रं, घराणं हाताशी होतं. अंबू आपल्याला दिसली नाही याला तसलं काही कारण नाही. आपल्या डोक्यात ती खाष्ट सासू आणि दूरदर्शनवरची मंथरा होऊन बसली आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानची थप्पड बसली, चेहऱ्याची बाजू गेली, डोळा कायमचा बारीक झाला, एवढी गोष्ट प्रत्येक लेखात असते. दोन मराठी स्टंटवाले एका फ्रेममध्ये होते, हे त्यातल्या एकाही लेखाला महत्त्वाचं वाटत नाही.

मग असा इतिहास लिहायचा कुठे बसून? माझं म्हणणं आहे, दादरला किंवा पुण्याला नव्हे, खानदेशात. रिळं तयार व्हायची मुंबईत, पण धंदा समजायचा तो वितरणात. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि मध्य भारताच्या पट्ट्याचं वितरण ज्या मोजक्या गावांतून चालायचं त्यांत भुसावळ होतं. कारण उघड आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग इथे फुटतो, एक नागपूरकडे, दुसरा इटारसीकडे. रिळांची पेटी इथे उतरणार, इथून पुढे चढणार. कोणता चित्रपट टक्क्यांवर गेला, कोणता ठोक रकमेत, फाटलेली प्रत कितव्यांदा फिरली, कोणत्या यात्रेतल्या तंबूवाल्याने पुन्हा मागितली, हे वितरकाच्या वहीत असतं, निर्मात्याच्या मुलाखतीत नसतं. प्रतापशेठांच्या गिरणीचं अमळनेर, जळगावची खानदेश मिल, धुळ्याच्या गिरण्या: स्टंटपटांचा प्रेक्षक ज्याला म्हणतात तो वर्ग या जिल्ह्यांत पाळीवर जात होता. अहिराणीत गोष्ट सांगताना ऐकणारं पोर दर वाक्याला ‘मंग?’ विचारतं, ज्या माणसांना ही सवय आहे त्यांनी हे चित्रपट कसे पाहिले, हे लंडनच्या ग्रंथालयात बसून कळणार नाही.

आणि साधनं जमवायची पद्धत कोणाकडून शिकायची, हेही शोधायला नको. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि लगेच पुढल्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ त्यांनी माळ्यांवरून, दप्तरांतून, उंदरांच्या तावडीतून काढली. चित्रपटाची हँडबिलं, पत्रकं, वितरकांच्या कीर्दी यांना असा एखादा खडूस, पायपीट करणारा माणूस मिळालेला नाही. मूकपटांची यादी विरचंद धरमसी यांनी केली, ती १९९४ च्या ‘लाइट ऑफ एशिया’त आहे, १९७० मध्ये फिरोज रंगूनवालांची सूची आली होती. सरकारी गॅझेटांत सेन्सॉरने पास केलेल्या चित्रपटांच्या लांबीच्या नोंदी आहेत. सांगाडा आहे, मांस चढवायचं राहिलंय.

यावर कोणी म्हणेल, हा मेलेल्या कलेचा शोक झाला. तसं नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभरात मालेगाव लागतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक शेख उडाला, तो लायडेकर बंधूंच्या तारेपेक्षा कच्च्या युक्तीवर. त्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, अलीकडे (२०२४) रीमा कागतींनी हिंदी चित्रपट केला. कौतुक झालं, तेही पुन्हा बाहेरून. फिरत्या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) तर कान महोत्सवापर्यंत गेला. महाराष्ट्रातल्या तंबूवाल्यांवरचा तो चित्रपट. पण त्यावर उभी राहिलेली गंभीर चर्चा वाचायला इंग्रजीच उघडावी लागते.

मला विचाराल तर पहिलं पुस्तक अंबूवर असावं. १९२८ मध्ये ती लहान मुलगी म्हणून पडद्यावर आली, तिथून सुरुवात करावी. अगरवाल कंपनीचा पुण्यातला कारखाना, जी. पी. पवारांचे हिशेब, ‘दिलेर जिगर’चा प्रत्येक तलवारीचा हात विटनीच्या बारकाईने उलगडावा, आणि तिचे बोलपट भुसावळहून कुठे कुठे गेले ते गावागणिक लावावं. त्या थपडेला पान-दीड पान पुरे. थपडेआधीची चौदा वर्षं हा पुस्तकाचा ऐवज आहे.