वळिवडे छावणी : श्रद्धा आणि सेवेचे पुनर्मूल्यांकन
शाहूपुरीच्या पूर्वेस वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या या समूहाची चर्चा प्रामुख्याने कोल्हापूरच्या आदरातिथ्याच्या अंगाने होते. ही मांडणी यथार्थ असली तरी अपुरी आहे. प्रारंभी छावणीचा खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकार करीत होते. कॅथलिक चर्च, शाळा व रुग्णालय निर्वासितांच्याच सहभागाने चालत. म्हणजे येथे ख्रिस्ती श्रद्धा हे परक्यांना दिलेले दान नव्हते, तर उद्ध्वस्त समाजाने स्वतःला सावरण्याचे साधन होते. निर्वासितांना केवळ उपकृत मानणारे स्मरण त्यांचे कर्तृत्व झाकोळते. सेवेचे मूल्यमापन दात्याच्या औदार्यावरून नव्हे, तर पीडितांच्या पुनरुभारणीवरून व्हावयास हवे.